पन्हाळा : मुक्काम एका रात्रीचा, प्रश्न गावाचा

पावसाळ्यात पाठीवर सॅक घेऊन पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेला लागणारे भटके बहुधा आदल्या रात्री पन्हाळ्यावर मुक्काम करतात. कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवरील हा गड निर्मनुष्य नाही. तटाच्या आत घरे, बाजारपेठ आणि नगरपरिषदही आहे. सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये येथूनच विशाळगडाकडे निघाले. तीन दरवाजा, अंबरखाना आणि अंधारबाव सकाळच्या फेरीत पाहून होतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे. या मानाबरोबरच निर्बंध वाढतील, अशी धास्ती रहिवाशांना वाटते. वस्तीपुढील धोका मात्र केवळ निर्बंधांचा नसतो. चीनच्या युन्नान प्रांतातील लिजियांग हे जुने डोंगरी गाव १९९७ मध्ये याच यादीत आले. पुढे पर्यटकांची रीघ लागली आणि नासी जमातीची अनेक मूळ कुटुंबे घरे बाहेरच्या व्यावसायिकांना भाड्याने देऊन नव्या वस्तीत राहावयास गेली. जुने वाडे टिकले, पण शेजारपाजार उरला नाही.

पन्हाळ्यावर तटबंदीबरोबर वस्तीही टिकावयाची असेल, तर पर्यटनाचे उत्पन्न गावातच राहिले पाहिजे. स्थानिकांच्या घरी उतरणारा, त्यांच्या खानावळीत जेवणारा भटका त्याला हातभार लावू शकतो.