शिवपूरच्या उद्यानांतील बिनखोडाचा वड

हावडा शहरीं, हुगळीच्या पश्चिम तीरावर, शिवपूरचें वनस्पति-उद्यान आहे. तें पाहावयास जाणाऱ्यानें घड्याळ घरींच ठेवावें हें उत्तम. कर्नल रॉबर्ट किड यांच्या सूचनेवरून १७८७ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें तें स्थापिलें. जहाजांसाठीं साग व व्यापारासाठीं मसाल्याचीं झाडें वाढवावीं, असा त्यांत हेतु होता. २००९ पासून त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांचें नांव आहे.

तळ्यांतील परातीहून मोठीं कमळपानें पाहून झालीं कीं पावलें आपोआप मोठ्या वडाकडे वळतात. दुरून तें एक वनच भासतें. मूळ खोड शोधूं लागावें, तर तें कोठेंच नाहीं! १८६४ व १८६७ सालच्या वादळांनीं वृक्ष दुखावला, पुढें खोडास बुरशी लागली, आणि १९२५ सालीं तें कापून काढावें लागलें. मग हा जगतो कशावर? ज्या पारंब्यांना धरून आपण झोके घेतों, त्या वस्तुतः फांद्यांस फुटलेलीं मुळें होत. भूमींत शिरतांच तीं पाणी शोषूं लागतात, जाड होतात व फांदीचा भार तोलणारे खांब बनतात. मग त्या फांदीस मूळ खोडाची गरज उरत नाहीं. अशा तीन हजारांहून अधिक खांबांवर हा वड उभा आहे. सभोंवार सुमारें ३३० मीटरांचा रस्ता आंखला होता, तोहि त्यानें ओलांडला. कोवळ्या पारंब्या माळी पोकळ बांबूंतून जपून खालीं उतरवितात. २०२० सालच्या अंफान वादळांत कांहीं खांब मोडले, पण वृक्ष तगला. भोंवतीं आतां कुंपण आहे. झोक्याची हौस गांवच्या वडावरच भागवावी लागते.