थाळी वाजवून बाळाचे कान तपासता येत नाहीत

“थाळी वाजवली की लगेच वळून बघतो हो, डॉक्टर!” ओपीडीत आजी अगदी खात्रीने सांगत होत्या. नातू अकरा महिन्यांचा. त्याची आई मात्र हळूच म्हणाली, “पाठीमागून हाक मारली तर बघत नाही.” बेरा चाचणी केली तेव्हा कळले, की दोन्ही कानांनी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते.

आजी खोटे बोलत नव्हत्या. थाळी वाजवताना हात हलतो, सावली सरकते, फरशीतून हादरा जातो. न ऐकणारे मूलही त्या दिशेला बघते. ज्याला अर्धवट ऐकू येते ते तर अशा मोठ्या आवाजाला हमखास दचकते, पण बोलण्यातले ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय जन्मतः बहिरे बाळसुद्धा पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकार देते. मग शंका येणार कुठून?

आणि हे फक्त आजींच्या बाबतीत घडते असे नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही एका मुलाच्या डोक्यामागे टाळी वाजवली होती. तो वळला. “मुलगे जरा उशिराच बोलतात, थांबा थोडे,” असे मी त्याच्या वडिलांना सांगितले. तो तीन वर्षांचा झाल्यावर बहिरेपणाचे निदान झाले. ते ‘थांबा’ माझे होते.

बाळ ‘ऐकू आले’ असे सांगू शकत नाही, म्हणून बेरा चाचणीत थेट त्याच्या मेंदूलाच विचारले जाते. कपाळावर आणि कानांमागे छोट्या पट्ट्या चिकटवतात आणि कानात ‘टिक-टिक’ असा आवाज सोडतात. आवाज श्रवणाच्या नसेतून मेंदूच्या बुंध्याकडे जाताना विजेची अगदी क्षीण लहर उठते, एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान. मेंदूच्या आणि स्नायूंच्या इतर हालचालींच्या गोंगाटात ती बुडून जाते. म्हणून एक-दोन हजार वेळा आवाज देऊन संगणक सगळ्या नोंदींची सरासरी काढतो. गोंगाट दर वेळी वेगळा असतो, तो एकमेकांत विरून जातो. आवाजाला मिळालेले उत्तर दर वेळी ठरल्या क्षणीच येते, ते शिल्लक राहते. सेकंदाच्या शंभराव्या भागात पडद्यावर पाच लाटा उमटतात. आवाज कमी करत नेला की त्या एकेक करून पुसट होतात. पाचवी सर्वांत चिवट. ती ज्या पातळीपर्यंत दिसते, त्यावरून बाळाला किती ऐकू येते याचा अंदाज बांधता येतो. ज्युएट आणि विलिस्टन या अमेरिकी संशोधकांनी 1971 मध्ये माणसातल्या या लाटांचे सविस्तर वर्णन केले.

“डोक्याला करंट देणार का?” हा प्रश्न जवळपास प्रत्येक आई विचारते. नाही. त्या पट्ट्या वीज देत नाहीत, फक्त टिपतात. बाळ झोपलेले मात्र हवे. म्हणून येताना वाटेत त्याला झोपू देऊ नका; इथे आल्यावर पाजा, म्हणजे ते आपोआप झोपते. तरीही झोपले नाही, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचे औषध देतात.

यापेक्षा सोपी, काही मिनिटांत होणारी चाचणी म्हणजे ओएई. आवाज दिला की निरोगी कान स्वतःही अतिशय मंद आवाज परत सोडतो, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवले. हा आवाज कानातल्या शंखासारख्या भागातून येतो. त्यामुळे तिथवरचा रस्ता नीट आहे एवढेच या चाचणीतून कळते. पुढच्या नसेचे काय, हे कळत नाही. इथेच गफलत होते. तीव्र कावीळ झालेल्या किंवा फार आधी जन्मलेल्या काही बाळांमध्ये शंख ठीक असतो, पण नसेतून संदेश नीट जात नाही. त्यांच्या कागदावर ओएई ‘पास’ असते आणि घरचे निर्धास्त होतात. म्हणून बाळ पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात राहिले असेल, तर नुसत्या ओएईवर समाधान मानू नका, बेराच करून घ्या.

उलट, पहिली चाचणी ‘नापास’ म्हणजे बाळ बहिरे असेही नाही. जन्मानंतर कानात राहिलेल्या द्रवामुळेही असे होते. फेरतपासणीला यायचे, एवढेच. पण नेमके तेव्हाच पुष्कळ जण येत नाहीत. बाळंतीण माहेरी गेलेली असते, बेराचे यंत्र तालुक्याला नसते, जिल्ह्याला जायचे तर मजुरी बुडते. कारणे खरी आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण वेळ थांबत नाही. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्रासह उपचार, असे वेळापत्रक जगभर मानले जाते. सहा महिन्यांच्या आत दोष ओळखला गेलेल्या मुलांची भाषा पुढे अधिक चांगली विकसित होते, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधील 1998 च्या अभ्यासात दिसले.

आजींचा नातू अकराव्या महिन्यात आला. उशीर झाला होता, तरी त्याला लगेच श्रवणयंत्रे बसवली आणि कॉक्लियर इम्प्लांटसाठी तपासण्या सुरू केल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात श्रवणदोषाचा समावेश आहे; अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला किंवा जिल्हा रुग्णालयात त्याबद्दल विचारा. जाताना बाळाचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. जन्माचे वजन, काविळीचे आकडे, दिलेली इंजेक्शने हे सगळे त्यावर असते आणि आम्हाला तेच आधी पाहायचे असते.