कान शाबूत असूनही ऐकू का येत नाही?

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असता मागील बाजूस कुणाच्या तरी हातातून भोजनदानाची परात निसटली. क्षणात सर्वांच्या माना मागे, डाव्या बाजूस वळल्या. वाचकही ओळ विसरले. आईच्या मांडीवरील वर्षभराचे एक बाळ मात्र आपल्याच खेळात निवांत होते. त्याची आजी आम्हांस म्हणाली, "कान चांगले आहेत हो दादा, डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलेत. भारी हट्टी आहे, लक्षच देत नाही."

आजीचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत आकडे मांडणारे. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार नाही. तरीही जाणकारांना विचारून व वाचून जे समजले ते येथे मांडत आहोत. तरुण आईवडिलांनी आणि विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे.

बॅटरी लावून डॉक्टरांना दिसतो तो कानाचा बाहेरील मार्ग व त्याच्या टोकाचा पडदा. खरा प्रवास तेथून पुढे सुरू होतो. ध्वनी म्हणजे हवेतील कंपन. पडद्यावरील कंपने हातोडी, ऐरण व रिकीब या तीन इवल्या हाडांवरून गोगलगाईच्या शंखासारख्या एका नळीत जातात. तिच्यात द्रव असतो व केसासारखे टोक असलेल्या सूक्ष्म पेशींची रांग असते. नळीच्या तोंडाशी उंच स्वर व आतल्या टोकाशी खर्ज, अशी ही वाटणी आहे. या नळीतील लहरींच्या अभ्यासाबद्दल बेकेशी या शास्त्रज्ञांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केसपेशी कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात व ते सुमारे तीस हजार तंतूंच्या चेतामार्गाने मेंदूकडे निघतात.

येथे कानाचे काम संपते, ऐकणे मात्र अजून झालेले नसते. पाली वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे नवे वाटणार नाही. सोत म्हणजे कान, सद्द म्हणजे आवाज आणि सोतविञ्ञाण म्हणजे श्रवणाची जाणीव. या तिघांचा संयोग होतो तेव्हाच त्यास फस्स म्हटले आहे. मज्झिमनिकायातील मधुपिंडिक सुत्तात ही मांडणी आहे. यावरून तथागतांना मेंदूशास्त्र अवगत होते असा दावा आम्ही करणार नाही; तसले दावे इतरांनी पुष्कळ केले आहेत. परंतु कान व आवाज एवढ्यानेच ऐकणे पुरे होत नाही, ही बाब त्या काळी नीट ओळखली गेली होती एवढे खरे.

तर संदेश मेंदूच्या देठात शिरतो. तेथील एका ठाण्यावर दोन्ही कानांचे संदेश प्रथम एकमेकांशी ताडून पाहिले जातात. परात डावीकडे पडली तर आवाज डाव्या कानी आधी पोहोचतो व उजव्या कानी किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त किती? सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातील एका भागापेक्षाही कमी! तेवढ्यावरून दिशा ठरते.

या सर्व वाटा जेथे एकत्र येतात तो मध्यमेंदू. देठाच्या वरच्या टोकाचा हा जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा भाग. त्याच्या पाठीवर चार उंचवटे आहेत. वरचे दोन पाहण्याशी व खालचे दोन ऐकण्याशी संबंधित. खालच्यास इन्फीरिअर कॉलिक्युलस म्हणतात. कॉलिक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटी टेकडी. या टेकडीत स्वरांचे थर लागलेले असतात, वर खर्ज व खोलवर उंच स्वर. आवाज कोठून आला, किती वेळ टिकला, कसा चढला-उतरला याचा मेळ येथे बसतो. शेजारच्या दृष्टीच्या टेकडीस लगेच खबर जाते आणि काय पडले हे कळण्यापूर्वीच मान व डोळे तिकडे वळतात. विहारात झाले ते हेच. अर्थ लावण्यासाठी संदेश त्यानंतर थॅलॅमसमार्गे कानशिलामागच्या मोठ्या मेंदूत जातो.

भाषेचे तर सारे वेळेवरच चालते. 'काळ' आणि 'गाळ' यांत कंठातील कंपन केव्हा सुरू होते एवढाच मुख्य फरक, तोही सेकंदाच्या काही शतांश भागांचा. वाटेत संदेशांची वेळ विस्कटली तर आवाज झाला हे कधीकधी कळते, पण शब्द कळत नाही. मग असे मूल एखादे वेळी वळते, एखादे वेळी वळत नाही. घरचे म्हणतात, हट्टी आहे. शाळेत म्हणतात, मंद आहे. दोन्ही शिक्के आम्हांस सारखेच क्रूर वाटतात.

वाट का बिघडते? प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या मेंदूत साखरेचा वापर मोजला तेव्हा सर्वाधिक वापर करणाऱ्या भागांत ही टेकडी आढळली. ज्याचे काम इतके अविरत, त्याला जन्मवेळी प्राणवायू कमी पडला तर इजाही लवकर होते. दुसरे कारण कावीळ. नवजात बाळाची साधी कावीळ बहुधा आपोआप उतरते. परंतु रक्तातील बिलिरुबिन फारच वाढले तर ते मेंदूत उतरते आणि देठातील श्रवणाची ठाणी व ही टेकडी त्याच्या तावडीत सापडतात. कान शाबूत राहतो, वाट जळते. निळ्या प्रकाशाखाली ठेवणे व फारच वाढल्यास रक्त बदलणे हे त्यावरील उपचार आहेत. आमच्या वस्तीत आजही काविळीची माळ घालून चार दिवस वाट पाहतात. बाबासाहेबांची जयंती करणाऱ्या घरात ही माळ दिसली की आम्हांस राग येतो, हे लपवीत नाही.

हीच गफलत तपासणीतही होऊ शकते. नवजात बाळाच्या कानात बारीक नळी लावून करतात ती ओएई चाचणी फक्त शंखाकृती नळीपर्यंतचे सांगते. पुढच्या वाटेसाठी बेरा चाचणी लागते. बाळ झोपलेले असता कपाळास व कानामागे तारा चिकटवतात व कानात टकटक आवाज देतात. दहा मिलिसेकंदांत मेंदूच्या देठातून लहरींची मालिका उमटते. त्यातील पाचवी, साधारण सहाव्या मिलिसेकंदाच्या सुमारास येणारी, संदेश मध्यमेंदूच्या दारी पोहोचल्याची खूण मानतात. सुई नाही, वेदना नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत असे तज्ज्ञ सांगतात, कारण भाषेची घडण वर्षादोन वर्षांतच होते.

आजीच्या नातवाचे जन्मानंतर बिलिरुबिन बरेच वाढले होते, हे मागाहून समजले. त्याची ओएई चाचणी ठीक आली; बेराच्या आलेखात पाचवी लहर सापडली नाही. आता तो व त्याची आई आठवड्यातून दोनदा वाचा-उपचारास जातात. मुंबईत वांद्रे रेक्लेमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. जाताना प्रसूतीचे कागद आणि काविळीच्या तपासणीचा आकडा बरोबर न्यावा; कान तपासायचा की वाट, हे डॉक्टरांना त्यावरून लवकर ठरवता येते.