जुना लष्करी कोट कुठला? आधी उलटून पाहा

यवतमाळच्या आमच्या दुकानात एक गृहस्थ खाकी कोट घेऊन आले. "पहिल्या महायुद्धातला आहे," म्हणाले. आम्ही विश्वासाने घेतला आणि पैसे बुडवून बसलो. व्यापारी बांधवांवर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितो.

खाकी हा शब्द मूळ फारसीचा. खाक म्हणजे धूळ. 1848 च्या सुमारास पेशावरच्या गाइड्स पलटणीत हा रंग आला. पण रंगावरून काळ ठरत नाही. कोट उलटून अस्तरावरचा शिक्का शोधावा. नुसता बाण असेल तर माल ब्रिटिश सरकारचा, बाणासोबत इंग्रजी 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकारचा. बटणावर 'जीआरआय' दिसले तरी घाई नको. पाचवे जॉर्ज (1910-36) आणि त्यानंतरचे सहावे जॉर्ज, दोघांची अक्षरे तीच.

बटणे काय, कोणीही बदलतो. म्हणून आम्ही आता आतल्या शिवणीचा दोरा काढून जाळतो. सुती दोरा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, आणि पॉलिएस्टरचा शोधच 1941 चा! एका शिवणीवर निकाल देऊ नये, मागाहून दुरुस्ती झालेली असते. बगल, कॉलर, खिसा, तिन्ही पाहावे. आमच्या कोटात तिन्ही ठिकाणी मणीच निघाला.

ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खरोखर शंभर वर्षांची निघाली, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने तिच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. खाजगी व्यापाऱ्याला ती परदेशी पाठवता येत नाही. तलवार-बंदूक कोणी आणली तर आधी शस्त्र कायदा विचारावा, मग भाव.