वेफर्सचा रंग आणि कॅन्सरची भीती

पुणे जिल्ह्यातल्या पिंपळवंडीच्या आसपास महामार्गावर भजी-वड्याची कढई शोधावी लागत नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार तर खरिपाच्या बटाट्यासाठीच ओळखलं जातं आणि तिथला बटाटा वेफर्सच्या कंपन्यांनाही जातो. तेव्हा ‘तळलेल्या बटाट्याने कॅन्सर होतो’ हे ऐकलं की इथल्या माणसाला दोन्हीकडून धास्ती, खाणारा म्हणून आणि पिकवणारा म्हणूनही.

या भीतीचा उगम मात्र स्वीडनमधल्या एका बोगद्यात आहे. १९९७ साली हालांडसोस इथे रेल्वेचा बोगदा खणताना पाणी अडवायला वापरलेल्या रसायनातून अ‍ॅक्रिलामाइड हे विषारी द्रव्य ओढ्यात उतरलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. कामगारांचं रक्त तपासताना तुलनेसाठी बोगद्याशी काडीचा संबंध नसलेल्यांचंही रक्त घेतलं, तर त्यातही अ‍ॅक्रिलामाइडच्या खुणा! ते येतंय कुठून, याचा माग स्टॉकहोम विद्यापीठातल्या मार्गारेटा टर्नक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. एप्रिल २००२ मध्ये उत्तर जाहीर झालं: स्वयंपाकघरातून.

बटाट्यात अ‍ॅस्पराजिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. उष्णता १२० अंशांच्या वर गेली की ते ग्लुकोज-फ्रुक्टोज या साखरांशी जुळतं. खमंग वास आणि तांबूस रंग देणारी हीच प्रक्रिया थोडं अ‍ॅक्रिलामाइडही बनवते. उकडलेल्या बटाट्यात ते जवळपास नसतंच, कारण पाणी शंभर अंशांपुढे तापत नाही. म्हणून बटाटेवड्यातली भाजी निर्धोक. प्रश्न असलाच तर तो करपलेल्या आवरणाचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच अ‍ॅक्रिलामाइडला ‘संभवतः कर्करोगकारक’ म्हटलं आहे. पण त्याचा मुख्य आधार उंदरांवरचे प्रयोग आहेत आणि त्यांना दिलेली मात्रा आपल्या ताटातल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त होती. माणसांच्या मोठ्या पाहण्यांत बहुतेक कॅन्सरांशी ठाम नातं सापडलेलं नाही. गर्भाशय आणि अंडाशयाबाबत काही पाहण्यांनी शंका घेतली, ती इतरांत टिकली नाही. माझ्या मते तळणाची खरी काळजी वजन, तेल आणि मीठ यांची करावी.

तरी काळजी घ्यायची तर सोपी आहे. उन्हाळी वाळवणात आपल्याकडे बटाट्याच्या चकत्या पाण्यात टाकतात, उकळत्या पाण्यातून काढतात आणि मगच उन्हात घालतात. त्या पाण्याबरोबर साखर आणि अ‍ॅस्पराजिन बरंचसं निघून जातं. कोणत्याही प्रयोगशाळेने हाच सल्ला दिला असता. तळताना रंग सोनेरी झाला की झारा घालावा, काळपट तुकडे बाजूला काढावेत.

आणि सिगारेट-विडी ओढणाऱ्यांनी वेफर्सची पुडी पाहून घाबरू नये. त्यांच्या रक्तात अ‍ॅक्रिलामाइडच्या खुणा न ओढणाऱ्यांच्या तीन ते पाच पट आढळतात. मिश्री आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे तर केव्हाच सिद्ध झालं आहे. सोडायचंच असेल तर आधी ते सोडा.