चौदा वर्षांची मॅटी

चार्ल्स पोर्टिस यांची ‘ट्रू ग्रिट’ ही वेस्टर्न कादंबरी १९६८ची. वडिलांच्या खुन्याला पकडायला आर्कान्सामधली चौदा वर्षांची मॅटी रॉस निघते. तिची खरी हत्यारं म्हणजे चोख हिशेब आणि वकिलाचा धाक. फोर्ट स्मिथमधल्या घोड्यांच्या व्यापाऱ्याशी ती जी घासाघीस करते, ती मला कुठल्याही गोळीबाराहून थरारक वाटते. वडिलांनी घेतलेली तट्टं ती त्याच्याच गळ्यात मारते, पैसे वसूल करते आणि त्यातलंच एक स्वस्तात परत घेते! मग एकाक्ष मार्शल रूस्टर कॉगबर्नला कामाला लावते. हे सारं सांगते ती वय झालेली, एक हात गमावलेली, अविवाहित मॅटी. तिच्या ठाम निवेदनातच कादंबरीचा जीव आहे. १९६९च्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं ते मात्र कॉगबर्न साकारणाऱ्या जॉन वेनला.