सरोवराच्या तळाशी असलेली वही

व्यापारी घरात जुनी वही सहसा रद्दीत जात नाही. कोणत्या वर्षी आवक किती झाली आणि तूट किती आली, हे पुढच्या पिढीला तीच सांगते. पावसाच्या बाबतीत मात्र आपल्या वह्या फार अलीकडच्या आहेत. भारतीय हवामान विभागाची स्थापनाच १८७५ सालची. बीड जिल्ह्यात दुष्काळ म्हटले की वडीलधाऱ्यांना १९७२ आठवते, तर तरुणांना २०१६. त्या वर्षी केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. याहून जुना हिशेब कोठे पाहावा?

तो लोणारच्या सरोवरात सापडला. बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. त्यातून एकही ओढा बाहेर वाहत नाही. पाऊस, झरे आणि उतारावरचे ओहोळ ही जमेची बाजू. बाष्पीभवन ही खर्चाची. त्यामुळे पावसाच्या प्रत्येक दीर्घ चढउताराची खूण तळाच्या गाळात उमटत राहिली.

संशोधकांनी तळात नळी उतरवून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ बाहेर काढला. त्यातील सेंद्रिय अवशेषांचे वय कार्बन-१४ पद्धतीने ठरविले, तेव्हा ही वही सुमारे ११,००० वर्षांची निघाली. चांगल्या पावसात उतारावरची माती आणि पालापाचोळा तळ्यात येतो. पाणी आटून क्षार दाट झाले, की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक बनतात. ज्या थरात हे स्फटिक, तो तुटीचा काळ. केवळ एका नोंदीवर विश्वास न ठेवता परागकण आणि समस्थानिके यांच्याशीही ताळा करून पाहण्यात आला.

डॉ. सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार मोसमी पाऊस दीर्घकाळ क्षीण झाल्याचे दोन कालखंड दिसतात: आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. या काळात पाऊस पडलाच नाही, असा याचा अर्थ नव्हे. परंतु तूट काही वर्षांची नसून शतकांची असू शकते, हे त्यातून कळते. दोन-तीन वर्षांच्या अवर्षणालाच आपण परमावधी मानतो. आपली धरणे आणि पीकपद्धती त्याच अंदाजावर उभी आहेत.

२०१३ च्या दुष्काळात भारतीय जैन संघटनेने बीड जिल्ह्यातील तलावांमधील गाळ काढण्याचे मोठे काम केले. मानवनिर्मित तलावातील गाळ काढून शेतात टाकणे हिताचेच. लोणारसारख्या नैसर्गिक सरोवराचा तळ मात्र अबाधित राहिला पाहिजे. तेथील एक थर हलविणे म्हणजे जमाखर्चाचे पान फाडणे होय. २०२० मध्ये लोणारला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही म्हणूनच समाधानाची बाब.

जैन दर्शनाने पाण्यालाच अप्काय जीव मानले. पाणी गाळून आणि मोजून वापरण्याचा संस्कार आपल्या घरांत जुना आहे. त्याला आता साठवणुकीची जोड हवी. स्थानक, मंदिर, धर्मशाळा, आडतीचे गोदाम यांच्या विस्तीर्ण छपरांवरील पाणी येत्या चातुर्मासापूर्वी विहिरीकडे वळविले, तर अडीनडीच्या वर्षासाठी तेवढी शिल्लक तरी जमेल.